बर्फावरच्या मैदानात इनाम कोण ठरवतं

उद्यमबागेत माझ्या ओळखीचे एक अण्णा आहेत. दोन लेथ, एक मिलिंग, आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग जॉबवर्कवर करून द्यायचे, असा त्यांचा धंदा. त्यांची नऊ वर्षांची लेक रोज पहाटे साडेपाचला स्केट्सची बॅग पाठीला लावून रिंकवर जाते. बेळगावात याचं कुणाला नवल नाही. टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत ज्या घरात लहान पोर आहे, त्या घरातल्या कुठल्यातरी कपाटात चाकांची एक जोडी सापडतेच. लिंबो स्केटिंगमध्ये, म्हणजे चाकांवर वाकून बुटक्या आडव्या दांड्यांखालून सरकण्यात, इथल्या पोरांनी गिनीजच्या पुस्तकात नाव नेलंय. पेपरातल्या स्थानिक पानावर गळ्यात पदकं घालून रांगेत उभ्या पोरांचा फोटो अधूनमधून असतोच.

तर परवा अण्णांनी मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि मला विचारलं, "ती कोरियाची युना किम म्हणे वर्षाला शंभर कोटी मिळवत होती. बर्फावर गोल्ड मारलं की पैसे आपसूक येतंय की काय?"

आकडा बरोबर होता. २०१४ साली ‘फोर्ब्स’नं सर्वाधिक कमावणाऱ्या महिला खेळाडूंच्या यादीत तिची वर्षाची कमाई १ कोटी ६३ लाख डॉलर धरली होती, तेव्हाच्या भावानं ते शंभर कोटी रुपयांच्या घरात जातात. चुकलं होतं ते पुढचं. त्या वर्षी तिला गोल्ड मिळालंच नव्हतं. सोचीच्या ऑलिम्पिकमध्ये तिला रौप्य मिळालं होतं. गोल्ड चार वर्षांपूर्वीचं, व्हँकूव्हर ऑलिम्पिकचं.

"मग पैसे कशाचे?"

अण्णांना लेथजवळ उभं राहून जे सांगितलं, तेच इथं जरा पसरून लिहितो.

आधी एक खुलासा. अण्णांची लेक फिरते ती चाकांवर. युना किमचं फिगर स्केटिंग बर्फावरचं. आपल्याकडं त्यासाठी सिमला, देहरादून, गुरुग्राम अशी नावं घ्यावी लागतात. बेळगावच्या आसपास बर्फ मिळतो तो उसाच्या रसवंतीत. चाकांवरही असंच नृत्याच्या अंगाचं स्केटिंग असतं, आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनूप कुमार यामानं त्यात भारताला पदक मिळवून दिलं होतं. किती जणांना आठवतं? हा प्रश्न पुढं उपयोगी पडणार आहे.

कुस्तीचं मैदान ज्यानं पाहिलंय, त्याला यातली अर्धी गोष्ट आधीच माहीत असते. येळ्ळूरचं मैदान असो की आनंदवाडीतलं, हँडबिलावर एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची कुस्ती अशा जोड्या छापलेल्या असतात. एक नंबरच्या जोडीला काय द्यायचं, हे मैदान भरायच्या आधीच ठरतं. पैलवान त्या दिवशी किती चांगला लढेल यावर ते ठरत नाही. त्याचं नाव ऐकून किती गावांतनं माणसं ट्रॅक्टर भरभरून येतील, यावर ठरतं. दुपारी लागणाऱ्या बारक्या पोरांच्या कुस्त्या पन्नास-शंभरावर सुटतात, मग त्यातला एखादा डाव कितीही देखणा असो. बर्फावरचं स्केटिंग हा असाच नावाचा धंदा आहे. तिथं ट्रॅक्टरच्या जागी टीव्ही आहे, एवढंच.

आता खुराकाचा हिशेब. पैलवानाला दूध, तूप, बदाम लागतात. या खेळाला बर्फ लागतो, आणि तो तासावर भाड्यानं मिळतो. प्रशिक्षकाची फी वेगळी. कार्यक्रम बसवून देणारा नृत्यदिग्दर्शक वेगळा, आणि दर हंगामाला नवा कार्यक्रम लागतो. बूट वेगळे, त्याखालची पाती वेगळी, पात्यांना धार लावणारा माणूस वेगळा. पोशाख, विमानाची तिकिटं, फिजिओ. वरच्या दर्जाला खेळायचं तर वर्षाला काही लाख नव्हे, काही दशलक्ष रुपये लागतात. आणि मिळतं काय? अलीकडच्या वर्षांत जागतिक विजेतेपदाला एकेरीत ६४ हजार डॉलर मिळायचे, ग्रां प्री मालिकेतली एक स्पर्धा जिंकली तर १८ हजार. ऑलिम्पिक समिती स्वतः विजेत्याला एक पैसा देत नाही. अमेरिकेची राष्ट्रीय समिती सुवर्णाला ३७,५०० डॉलर देते. म्हणजे जगात पहिली आलेली पोरगी जेमतेम त्या वर्षाचा खर्च भागवते. चौथी आलेल्या पोरीच्या घरच्यांनी काय करायचं, हे त्यांनीच ठरवायचं. कुणी घर गहाण टाकतं.

उरलेला पैसा येतो जाहिरातींतून, बर्फावरच्या दौऱ्यांतून, टीव्हीवरच्या कार्यक्रमांतून. हे तिन्ही मार्काला पैसे देत नाहीत, माणसाला देतात.

यात एक गंमत आहे. क्रिकेटवाल्याच्या बॅटवर स्टिकर, छातीवर कंपनीचं नाव, टोपीवर तिसरंच काही. स्केटरच्या अंगावर जागाच नाही. झगमगीत पोशाखावर टायरच्या कंपनीचं चिन्ह चिकटवलं तर सगळा भासच मोडेल, आणि ऑलिम्पिकमध्ये तर नियमानंच बंदी आहे. मग विकायला काय उरतं? चेहरा. त्या चेहऱ्यासाठी या खेळानं एक खास बाकडं ठेवलंय. कार्यक्रम संपला की खेळाडू प्रशिक्षकाशेजारी बसून मार्कांची वाट बघते, आणि कॅमेरा मिनिट-दीड मिनिट तिच्या तोंडावरून हलत नाही. त्या बाकड्याला ‘किस अँड क्राय’ म्हणतात, म्हणजे मुके घ्यायची नाहीतर रडायची जागा. कुठल्या खेळात हरलेल्या माणसाचा चेहरा इतका वेळ, इतक्या जवळून दाखवतात? आपल्याकडं चितपट झालेला पैलवान मान खाली घालून गर्दीत शिरतो आणि कुणी त्याला अडवत नाही.

चेहऱ्याला भाव येणं ही जुनीच गोष्ट. नॉर्वेच्या सोन्या हेनीनं १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकली आणि तडक हॉलिवूड गाठलं. खरी श्रीमंती तिनं सिनेमात आणि बर्फावरच्या तमाशात कमावली. खरं, हे सगळं स्पर्धा सोडल्यावर. स्पर्धेत असेपर्यंत पैसा शिवायचा नाही, असा दंडक होता. १९४७ मध्ये कॅनडाची बार्बरा अॅन स्कॉट जग जिंकून घरी आली, तेव्हा ओटावा शहरानं कौतुकानं तिला उघड्या टपाची बुइक गाडी भेट दिली. ऑलिम्पिकवाल्या एव्हरी ब्रंडेज यांनी हरकत घेतली: गाडी घेतली तर हौशी खेळाडू म्हणून नाव बाद. तिनं गाडी परत केली, १९४८ मध्ये सेंट मॉरित्झला सुवर्ण जिंकलं, आणि मगच ती गाडी पुन्हा घेतली. तिच्यासारखी दिसणारी बाहुलीही कॅनडातल्या दुकानांत विकली गेली. गाडीवरून वाद, बाहुली मात्र घरोघर.

पुढं रंगीत टीव्ही आला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या डोरोथी हॅमिलनं इन्सब्रुकला सुवर्ण जिंकलं, आणि पोरींनी काय मागितलं? तिचे आखूड कापलेले केस. ती गरकन फिरली की केस छत्रीसारखे उघडायचे आणि थांबली की जागच्या जागी बसायचे. केशकर्तनालयांत फोटो दाखवून पोरी तसेच केस कापून घेऊ लागल्या, आणि शाम्पूची जाहिरात तिला मिळाली. लक्षात घ्या, शाम्पूच्या कंपनीला तिच्या उड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ती फिरताना केस कसे दिसतात, एवढंच त्यांना हवं होतं.

इथं अण्णा म्हणाले, "म्हणजे दिसायला बरी पाहिजे, एवढंच की."

एवढंच असतं तर बरं झालं असतं. आता १९९४ ची गोष्ट ऐका.

अमेरिकेत तेव्हा दोन पोरी होत्या, नॅन्सी केरिगन आणि टोन्या हार्डिंग. आजही लोक हे भांडण राजकन्या आणि रस्त्यावरची पोरगी असं सांगतात. खरं, नॅन्सीचा बाप वेल्डर होता. (हे ऐकून अण्णांनी मशीन बंद केलं.) आईला जवळजवळ दिसत नसे. टोन्याचं घर त्याहून ओढगस्तीचं, आई हॉटेलात वेट्रेस, पोशाख घरीच शिवलेले. दोघीही हातावर पोट असलेल्या घरातल्या. म्हणजे राजकन्यापण जन्मानं आलेलं नव्हतं, बसवलेलं होतं. नॅन्सी सडपातळ, शांत, वेरा वांगसारख्या नामवंत डिझायनरनं केलेले पोशाख घालणारी. टोन्या ठेंगणी, दणकट, मोटारी दुरुस्त करणारी, बापाबरोबर शिकारीला जाणारी, तोंडानं फटकळ. १९९१ मध्ये ती अमेरिकेची विजेती झाली, आणि स्पर्धेत ट्रिपल अॅक्सेल मारणारी पहिली अमेरिकन स्त्रीही. ही उडी अशी की पुढं तोंड करून उडायचं आणि हवेत साडेतीन गिरक्या घ्यायच्या. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत टोन्या दुसरी, नॅन्सी तिसरी. जाहिरातवाले मात्र नॅन्सीच्या दारात. सूप, बूट, पाण्याची बाटली विकणाऱ्यांना हवी असलेली पोरगी ती. टोन्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही.

६ जानेवारी १९९४ ला डेट्रॉइटमध्ये सराव संपवून बाहेर पडणाऱ्या नॅन्सीच्या गुडघ्याजवळ एकानं दांडक्यानं मारलं. हल्ला टोन्याच्या घटस्फोटित नवऱ्यानं आणि त्याच्या साथीदारांनी घडवून आणला होता. जवळजवळ सात आठवड्यांनी दोघी लिलेहॅमरच्या ऑलिम्पिकला एकाच बर्फावर उतरल्या, आणि अमेरिकेत त्या रात्री टीव्हीपुढं जेवढी माणसं बसली, तेवढी खेळाच्या इतिहासात मोजक्याच वेळा बसलीत. सुवर्ण मिळालं युक्रेनच्या ओक्साना बाइउलला. नॅन्सीला रौप्य. टोन्या आठवी. पुढं टोन्यानं तपासात अडथळा आणण्याच्या कटात सामील असल्याचा गुन्हा कबूल केला. दंड झाला, आणि अमेरिकन संघटनेनं तिला जन्मभरासाठी बाहेर काढलं. आयुष्यातल्या पुढच्या एका टप्प्यावर ती बॉक्सिंगच्या रिंगणात पैशासाठी ठोसे खात होती.

आता यातला व्यवहार बघा. नॅन्सीचा भाव हल्ल्यानं वाढला. "का? का? का?" म्हणून रडणारा तिचा चेहरा घराघरांत गेला, आणि डिस्नेनं तिच्याशी मोठा करार केला. बोलायला कडवट वाटतं, खरं बाजार असाच मोजतो. मग ऑलिम्पिक संपताच डिस्नेच्या मिरवणुकीत मिकी माउसशेजारी बसलेली असताना ती पुटपुटली की हा काय बावळटपणा, असला प्रकार मी जन्मात केला नाही. माइक चालू होता. गळ्यात पदक घालून मिरवण्याबद्दल बोलत होते, मिकीबद्दल नाही, असं तिच्या बाजूनं सांगण्यात आलं. फायदा नाही. महिनाभर जिच्यासाठी देश हळहळला, तिलाच लोक घमेंडखोर म्हणू लागले. इतकी वर्षं घडवलेली मूर्ती एका वाक्यानं तडकली. स्केटर उडीत पडली तर मार्क जातात, पुढच्या स्पर्धेत परत येतात. जिभेवरून पडली तर परत उठायला पंच नसतो.

आणि सगळ्यात मोठा फायदा कुणाला झाला? सगळ्या खेळाला. या लफड्यानंतर काही वर्षं अमेरिकेत बर्फावरच्या दौऱ्यांचं आणि टीव्ही कार्यक्रमांचं असं पेव फुटलं की कांस्यवाल्यांचीही चांदी झाली. मैदानात भांडण झालं की पुढच्या वर्षी तिकीट जास्त खपतं, हे आपल्याकडच्या यात्रा कमिटीलाही ठाऊक असतं.

चेहरा विकायचा म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: कुणाचा चेहरा? १९९२ मध्ये क्रिस्टी यामागुचीनं अमेरिकेला सुवर्ण मिळवून दिलं. ती कॅलिफोर्नियात जन्मलेली. तिच्या आईचा जन्म दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबलेल्या छावणीतला. तेव्हा जपानी मोटारींवरून अमेरिकेत राग धुमसत होता, आणि या पोरीला कंपन्या घेतील का, अशी उघड चर्चा पेपरांतून झाली. कंपन्यांनी घेतलंही, पण चर्चा झालीच. सहा वर्षांनी नागानोच्या ऑलिम्पिकला मिशेल क्वान दुसरी आली आणि तारा लिपिन्स्की पहिली. एमएसएनबीसी या अमेरिकन वृत्तवाहिनीच्या संकेतस्थळावर मथळा झळकला: अमेरिकन मुलीनं क्वानला हरवलं. क्वान लॉस एंजलिसजवळची. दोघीही अमेरिकनच होत्या.

हे वाचून बेळगावच्या माणसाला हसू येतं, आणि ते हसू जरा आंबट असतं. सीमाभागातल्या मराठी पोरीनं पदक मारलं की बंगळूरचे पेपर लिहितात ‘कर्नाटकाची कन्या’, कोल्हापूरचे लिहितात ‘सीमाभागाची सुकन्या’, दोन्हीकडं सत्काराच्या तारखा निघतात. शिष्यवृत्ती मागायला गेलं की एका टेबलावर मातृभाषा विचारतात, दुसऱ्यावर रहिवासी दाखला. जिंकल्यावर दोघांची, हरल्यावर कुणाची नाही. पुरस्कर्त्यालाही हाच प्रश्न असतो, तो फक्त जास्त गुळगुळीत शब्दांत विचारतो: या चेहऱ्याकडं बघून आमचं गिऱ्हाईक ‘आपली पोरगी’ म्हणेल का?

क्वानच्या बाबतीत गिऱ्हाइकानं म्हटलं. तिला ऑलिम्पिक सुवर्ण कधीच मिळालं नाही, एक रौप्य आणि एक कांस्य. तरी मोटारी, सूप, शीतपेय, क्रेडिट कार्ड अशा बड्या जाहिराती वर्षानुवर्षं तिच्याकडं होत्या, कारण ती दहा-बारा वर्षं दर हिवाळ्यात घरातल्या टीव्हीवर दिसत राहिली आणि हरल्यावर कुणाला दोष देत नव्हती. ऑलिम्पिक जिंकून लगेच स्पर्धा सोडणारी पोरगी एका रात्रीची पाहुणी. क्वान घरातली झाली.

उलट फ्रान्सची सूर्या बोनाली. काळी, ताकदवान, पाच वेळा युरोपची विजेती, तीनदा जगात दुसरी. ती ‘नाजूक’ नाही, उड्या मारते पण नाचत नाही, असं वर्षानुवर्षं ऐकत आली. १९९८ मध्ये पदक हातचं गेल्याचं दिसल्यावर तिनं भर ऑलिम्पिकमध्ये मागं कोलांटी मारली आणि एका पायावर उतरली. कोलांटीवर १९७७ पासून बंदी होती. मार्क कापले गेले. ही बंदी उठली २०२४ मध्ये, आणि आजही त्या कोलांटीच्या चित्रफिती फिरत असतात. बोनालीचा माल पंचवीस वर्षं आधी बाजारात आला होता.

पुरुषांचं गणित आणखी तिरकं. १९८४ चा ऑलिम्पिक विजेता स्कॉट हॅमिल्टन एका बड्या दौऱ्यात काम करत होता. मालक बदलले, आणि पुरुषांच्या नावावर तिकीट खपत नाही म्हणून नव्या मालकांनी त्याला काढलं. त्यातूनच १९८६ मध्ये ‘स्टार्स ऑन आइस’ हा दौरा उभा राहिला, आणि तो दुसऱ्यांच्या पोटापाण्याची सोय झाला. पुरुष स्केटरनं नाचावं पण फार नाचू नये, चमकी लावावी पण पुरुषी दिसावं, अशी ही कसरत. जॉनी वीअर तीनदा अमेरिकेचा विजेता, पण त्याचा नखरा पुरस्कर्त्यांना झेपेना. २०१० मध्ये त्याला याच दौऱ्यात घेतलं नाही, तेव्हा तो ‘घरच्यांबरोबर बघण्यासारखा’ नाही म्हणून डावलल्याचा आरोप झाला. आयोजकांनी तो नाकारला. चारच वर्षांत तोच वीअर तारा लिपिन्स्कीबरोबर टीव्हीवर समालोचक म्हणून बसला, आणि आता लोक त्याचे कपडे बघायलाच चॅनेल लावतात. २०१८ मध्ये आपण समलिंगी आहोत हे न लपवणारा अॅडम रिपन ऑलिम्पिकचं सांघिक कांस्य घेऊन आला आणि त्याच वर्षी अमेरिकेतली टीव्हीवरची नृत्यस्पर्धा जिंकला. माणसं तीच, नखरे तेच, गिऱ्हाईक बदललं.

आता परत युना किमकडं. कोरियात या खेळाला फारशी परंपरा नव्हती. समोर होती जपानची माओ असादा, वयानं वीस दिवसांनी लहान, ट्रिपल अॅक्सेल मारणारी. कोरिया आणि जपान हे नातं काय आहे, हे मी बेळगावकरांना समजावायची गरज नाही; शेजाऱ्याशी जुनं दुखणं असलं की साध्या खो-खोलाही धार येते. व्हँकूव्हरला युनानं २२८.५६ गुण केले आणि असादा दुसरी आली. त्या क्षणी ती स्केटर उरली नाही. सॅमसंग, ह्युंदाई, नायके, कूकमिन बँक हे तिच्या चेहऱ्यात देशाचा चेहरा विकत घेत होते. सॅमसंगनं तिच्या नावानं काढलेला फोन दहा लाखांच्या वर खपला. आणि तिनं तो चेहरा सांभाळला: कमी बोलणं, देणग्या, युनिसेफचं काम, लफडं नाही. म्हणून रौप्याच्या वर्षीही शंभर कोटी.

जपानच्या युझुरू हान्यूचं त्याहून पुढचं. ११ मार्च २०११ च्या भूकंपात तो सेंदाईच्या रिंकवर सराव करत होता आणि पायांतल्या पात्यांसकट बाहेर पळाला. २०१४ आणि २०१८ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं, पुस्तकांचं मानधन त्याच रिंकला दान, कार्यक्रम संपला की बर्फावर विनी-द-पू अस्वलांचा पाऊस. २०२२ मध्ये त्यानं स्पर्धा सोडली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये टोकियो डोममध्ये एकट्याच्या कार्यक्रमाला ३५ हजार माणसं बसली. एकट्याच्या! पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यानं लग्न झाल्याचं जाहीर केलं आणि नोव्हेंबरमध्ये घटस्फोट. कारण त्यानंच सांगितलं: पाठलाग, घराभोवती घुटमळणारी माणसं, पत्रकारांचा ससेमिरा, बायकोला घराबाहेर पाऊल टाकता येईना. ज्या प्रेमावर तिकिटं खपतात, ते प्रेम तिकिटापाशी थांबत नाही.

अमेरिकेच्या ग्रेसी गोल्डची तर आडनावापासून सुरुवात. पोरगी सोनेरी केसांची, आडनाव गोल्ड, २०१४ चं ऑलिम्पिक तोंडावर. जाहिरातवाल्यांना यापरतं काय हवं? सौंदर्यप्रसाधनं, बूट, विमान कंपनी, सगळे आले. २०१७ मध्ये खाण्याचा विकार, नैराश्य आणि चिंतेवर उपचार घ्यायला तिला खेळ थांबवावा लागला. सडपातळ राहिली तर उडी हलकी आणि फोटोही चांगला. या खेळात दोन्ही हिशेब एकाच ताटात येऊन बसतात.

करारात काय असतं, ते थोडक्यात. एक कलम वागणुकीचं: तुमच्यामुळं कंपनीच्या नावाला बट्टा लागला तर करार रद्द. एक कलम निकालाचं: पदक मिळालं तर वाढीव रक्कम. एक कलम मक्तेदारीचं: आमचा शाम्पू तर दुसऱ्याचा साबणही नाही. आणि डोक्यावर ऑलिम्पिकचा ४० वा नियम: स्पर्धेच्या दिवसांत खेळाडूचं नाव-तोंड खासगी जाहिरातीत वापरायला बंधन. म्हणजे चार वर्षांत लोक ज्या पंधरा दिवसांत बघतात, त्याच पंधरा दिवसांत दुकान बंद. २०१९ मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या जर्मनीच्या नियामकानं डोळे वटारल्यावर हा नियम बराच सैल झाला. तरी दार उघडतं ते चार वर्षांतून एकदा, आणि त्याच सुमाराला टाच मुरगळली तर पुढच्या खेपेपर्यंत चेहरा जुना झालेला असतो.

नाव मार्कांतही शिरतं. २००४ मध्ये छापून आलेल्या एका कॅनेडियन अभ्यासात पंचांना स्केटरांचे कार्यक्रम दाखवले. जे स्केटर त्यांना नावानं माहीत होते, त्यांना तांत्रिक गुण जास्त पडले. कलेचे नव्हे, तांत्रिक! उडी पूर्ण झाली की नाही, हे बघायचे गुण. म्हणजे नावामुळं मार्क, मार्कांमुळं पदक, पदकामुळं पुन्हा नाव. ज्याची गाडी लागली त्याची लागली.

अलीकडं एक गंमत मात्र झाली. अमेरिकेची अलिसा लिऊ २०२२ मध्ये सोळाव्या वर्षी कंटाळून खेळ सोडून गेली, २०२४ मध्ये परत आली, आणि २०२५ मध्ये बॉस्टनला जगज्जेती झाली. केसांत गोल गोल पट्टे, आणि मला मजा येते म्हणून खेळते, असं तोंडावर सांगणं. तीस वर्षांपूर्वी हे केस बघून शाम्पूवाल्यानं दार लावलं असतं. आज पोरं तिच्याकडं त्या केसांसाठीच बघतात. टोन्या हार्डिंगच्या हातात मोबाइल असता तर, असं मनात येतं. मग तिनं काय काय टाकलं असतं, हेही मनात येतं.

अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि हातातला एक व्हॉल्व्हचा भाग मला दाखवला. "हे बघा. माल माझा. मायक्रॉनात बसवलाय. यावर शिक्का पडणार पुण्याच्या कंपनीचा, आणि भाव शिक्क्याला. तुमच्या त्या पोरींचं तसंच की."

तसंच आहे, फक्त स्केटरला स्वतःच माल आणि स्वतःच शिक्का व्हावं लागतं, आणि शिक्का कसा दिसावा हे ठरवणारे भलतेच असतात.

मग ते जरा लाजत म्हणाले की लेकीलाही आता पुरस्कर्ता मिळालाय. गावातल्या एका पुढाऱ्यानं नव्या स्केट्सचे निम्मे पैसे दिलेत. अट एकच होती, चौकात फ्लेक्स लावायचा. संध्याकाळी त्यांच्याबरोबर बघायला गेलो. वरती मोठ्या अक्षरांत कन्नड, खाली बारीक मराठी, नियमाप्रमाणं. मधोमध पुढारी हात जोडून. त्यांच्याभोवती वर्तुळात त्यांचे कार्यकर्ते, एकेकाच्या खाली नाव. मी मोजले, अकरा चेहरे. लेकीचा बारावा, उजव्या कोपऱ्यात, हेल्मेटसकट. तो शोधायला अण्णांनी खिशातून चष्मा काढला.